तारा, नळ्या आणि आमचे कौतुक

देवराष्ट्रे हे सांगली जिल्ह्यातील गाव यशवंतराव चव्हाणांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. २०२१ च्या डिसेंबरात त्याच गावाचे नाव अगदी निराळ्या कारणाने सर्वतोमुखी झाले. दत्तात्रय लोहार नामक तेथील कारागिराने भंगारातील सुटे भाग जमवून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी एक छोटी चारचाकी गाडी घरच्या घरी बांधली होती. खर्च सुमारे ६० हजार रुपये. उद्योगपती आनंद महिंद्रा ह्यांनी तिची जाहीर वाखाणणी केली. ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे अधिकारी आज ना उद्या ती अडवतील, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले आणि तिच्या मोबदल्यात नवी बोलेरो देऊ केली. पुढल्याच महिन्यात, जानेवारी २०२२ मध्ये, ही अदलाबदल पार पडली. लोहार कुटुंबास चांगली गाडी मिळाली, दात्याच्या औदार्याची वाहवा झाली, वृत्तपत्रांस चार दिवस गोड मजकूर लाभला. ह्या तिन्ही गोष्टींविषयी आमची काडीइतकीही तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती चौथ्या गोष्टीविषयी, जी घडलीच नाही. त्या गाडीखाली आडवे पडून तिच्या तारा कशा नेल्या आहेत, ब्रेकची नळी कोठून गेली आहे, पेट्रोलची नळी कशाला घासते आहे हे पाहावे, आणि पाहून ‘हे योग्य’, ‘हे अयोग्य’ असे अधिकारवाणीने लिहून द्यावे, असे काम आपल्या राज्यव्यवस्थेने कोणाकडेही सोपविलेले नाही. टाळ्या वाजविणारे लक्षावधी निघाले. मनाई करणारे कार्यालयात बसलेलेच होते. तपासणारा मात्र कोणी नव्हता.

स्वहस्ते मोटार बांधण्याचा छंद अमेरिकेत चांगला शंभर वर्षांचा जुना आहे. कॅलिफोर्नियातील तरुण जुनी फोर्ड गाडी घेत, तिचे चाकांवरील पत्रे उतरवून ठेवीत, इंजिनाची शक्ती वाढवीत आणि म्यूरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात ती सुसाट पळवीत. १९३२ साली फोर्ड कंपनीने आठ नळकांड्यांचे इंजिन सामान्य माणसास परवडेल अशा गाडीत बसविले, तेव्हापासून तर ह्या वेडास भरतीच आली. ह्या गाड्यांस पुढे ‘हॉट रॉड’ असे नाव पडले. रस्त्यावर त्यांनी उच्छाद मांडला, अपघात झाले, पोलीस मागे लागले आणि सभ्य लोकांनी नाके मुरडली. परंतु तेथील छांदिष्टांनी एक शहाणपणा केला. १९३७ साली त्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन शर्यतींस नियम लावले. १९४८ च्या जानेवारीत त्यांचे ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक निघाले. त्याच मासिकाचे एक संपादक वॉली पार्क्स ह्यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापिली आणि १९५४ पासून ह्या संघटनेची माणसे गावोगाव हिंडून सुरक्षित शर्यत कशी भरवावी व गाडी कशी तपासावी हे शिकवू लागली. जो उद्योग उनाडांचा समजला जात होता तो तपासणीमुळे कारागिरांचा झाला. आमच्याकडील रसिकांनी ह्या गाड्यांची चित्रे पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या तपासणीची कथा मात्र आमच्याकडे कोणी आणली नाही.

हा विषय आमच्या मनात घर करून राहिला तो काशीदच्या किनाऱ्यामुळे. अलिबागहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता रेवदंड्यापाशी कुंडलिकेची खाडी ओलांडतो, कोर्लईचा दुर्ग उजवीकडे ठेवून पुढे जातो आणि फणसाडच्या अरण्याचा डोंगर डावीकडे घेत काशीदला समुद्राच्या अगदी कुशीत येतो. पांढऱ्या वाळूचा, सुमारे तीन किलोमीटर लांबीचा हा किनारा आता मुंबईपुण्याच्या शनिवार-रविवारचा झाला आहे. थंडीच्या दिवसांत तेथे उभे राहावे म्हणजे घरी वा गल्लीतल्या गॅरेजात ‘सजविलेल्या’ गाड्यांचे फुकट प्रदर्शन पाहावयास मिळते. छप्पर कापलेल्या जुन्या जीपा, वाजवीपेक्षा रुंद चाके, कपाळावर दिव्यांची ओळ, मागे दोन कर्णे. पुढे मोबाईल घेतलेली मंडळी, मागे समुद्र. वाळूत गाडी घालणे हा प्रकार आम्हांस मुळातच निंद्य वाटतो आणि त्याची शिक्षा बहुधा समुद्रच देतो. २०२४ च्या डिसेंबरअखेर रेवदंड्याच्या वाळूत रुतलेली एक कोट्यवधींची फेरारी गाडी बैलगाडीने ओढून काढावी लागली, हे सर्वांनी पाहिले आणि सर्वांनी हसून घेतले. पण ती गाडी निदान कारखान्यातून आली होती. तिच्या आतील तारा व नळ्या कोणी तरी विचारपूर्वक बांधलेल्या होत्या. आमची चिंता कपाळावर दिव्यांची ओळ बांधलेल्या जीपांची आहे.

असल्याच एका जीपचे तोंड उघडून बसलेला जवळच्या गॅरेजातील एक वायरमन आम्ही मागच्या हिवाळ्यात काशीदला पाहिला. दिवे मालवले होते व मालक वैतागला होता. वायरमनने एका सांध्यावरची काळी चिकटपट्टी सोडविली. आत तांब्याचे दोन पेड नुसते पिळून एकमेकांत अडकविलेले, आणि त्यांवर हिरवट भुकटी. त्याने ती नखाने खरवडली, मालकाकडे पाहिले आणि तो एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, हे घाटावरचं काम आहे.’’ आमच्या वाचकांपैकी कित्येकांस हा शेरा प्रांताभिमानाचा वाटेल. आमच्या मते तो शुद्ध रसायनशास्त्राचा आहे.

कसा, ते सांगतो. मोटारीच्या विद्युत्‌प्रवाहाला घरातल्याप्रमाणे दोन तारा नसतात. बॅटरीपासून दिव्यापर्यंत एक तार जाते. परतीचा प्रवास गाडीच्या लोखंडी सांगाड्यातूनच होतो. म्हणजे जेथे जेथे परतीची तार सांगाड्यास स्क्रूने आवळलेली असते तो प्रत्येक बिंदू त्या मंडलाचा एक दुवा असतो. काशीदच्या हवेत मीठ आहे. रात्री दव पडले की त्या मिठाचे पाणी होते, ते पाणी वीज वाहून नेते आणि तांबे व लोखंड ह्या दोन भिन्न धातूंचा संयोग जेथे असेल तेथे लोखंडाचा बळी घेऊ लागते. पुण्यातील कोरड्या हवेत पाच वर्षे टिकणारा सांधा येथे दोन पावसाळ्यांत कुजतो. कुजलेला सांधा प्रवाह पूर्ण तोडत नाही, हीच खरी फसगत. तो थोडा दाब खातो. बारा व्होल्टांच्या मंडलात एक व्होल्ट जरी वाटेत गळाला तरी साध्या दिव्याचा प्रकाश सुमारे चतुर्थांशाने घटतो. मालकास वाटते, दिवे कमजोर आहेत. तो अधिक शक्तीचे दिवे आणतो. रोगी अशक्त झाला म्हणून त्याच्या डोक्यावरचा भार वाढविण्यासारखे हे आहे.

आता ह्या ‘अधिक शक्ती’चा हिशेब पाहा. साठ वॉटचे दोन दिवे बारा व्होल्टांवर दहा अँपिअर प्रवाह घेतात. कारखान्याने तार दिली ती एवढ्यासाठी. शोभेच्या हौशीने कपाळावर शंभर वॉटचे चार दिवे बसविले आणि त्यांना त्याच तारेतून वीज दिली, तर त्यांचाच प्रवाह तेहतीस अँपिअर होतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तिप्पट प्रवाहाला उष्णता नऊपट. तारेवरचे प्लास्टिक प्रथम मऊ होते, मग वितळते, आणि उघडे पडलेले तांबे सांगाड्यास टेकले की बॅटरी आपला सगळा साठा त्या एका ठिकाणी ओतू पाहते. हे घडू नये म्हणून फ्यूज असतो. पण येथेही आमच्या सुशिक्षितांची समजूत उलटी आहे. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो, असे त्यांस वाटते. तो तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणूनच तो बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका उपयोगी. दिव्याजवळ बसविलेला फ्यूज म्हणजे घरफोडी झाल्यावर माजघराच्या दाराला घातलेले कुलूप. आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग तर आम्ही पदवीधरांतही पाहिले आहेत.

चांगला वायरमन काय करतो? तो पत्र्यातील प्रत्येक भोकात रबरी कडे घालतो, कारण पत्र्याची धार दर धक्क्यास तारेवर सुरी चालवीत असते. मोठ्या दिव्यांना तो रिलेमधून वीज देतो, म्हणजे चालकाच्या हाताखालील बटणातून केवळ इशाऱ्यापुरता प्रवाह जातो. सांधा पिळून न बांधता योग्य चिमट्याने दाबून, वर आकसणारी नळी चढवून तो हवाबंद करतो. परतीच्या तारेखालचा रंग खरवडून तो धातूस धातू भिडवतो आणि मग वरून ग्रीस लावतो. तारांना वेगवेगळे रंग देतो आणि त्यांचा नकाशा कागदावर काढून ठेवतो. ह्यांतले एकही काम छायाचित्रात दिसत नाही. दिसतो तो रंग, दिसतात ती चाके. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, ही म्हण आमच्या पूर्वजांनी मोटारीसाठी केली नसेल. पण काशीदच्या वाळूत तिचे प्रत्यंतर येते.

नळ्यांची गोष्ट तारांहून गंभीर. तार बिघडली तर बहुधा गाडी थांबते. ब्रेकची नळी बिघडली तर गाडी थांबत नाही. पायाचा दाब द्रवातून चारही चाकांस पोहोचविणाऱ्या ह्या नळ्या बहुधा पोलादी असतात. तांबे वाकविण्यास सोपे, म्हणून घरगुती बांधणीत हौशी माणूस फ्रिजच्या दुरुस्तीतली तांब्याची नळी वापरू पाहतो. नव्या नळीस ती दिसतेही सुबक. परंतु शुद्ध तांबे सततच्या थरथराटाने कडक होत जाते आणि एके दिवशी, बहुधा जोरात ब्रेक दाबण्याच्या क्षणीच, चिरते. नळीचे टोक दुहेरी दुमडून बसवावयाचे असते. एकेरी दुमडलेले टोक गळते, आणि गळती लागलेल्या मंडलात हवा शिरली की पायाखालची पट्टी स्पंजासारखी दबत जाते. शिवाय ब्रेकचे तेल हवेतील ओलावा पिऊन घेते. ‘डॉट ३’ प्रतीचे ताजे तेल २०५ अंशांस उकळते. त्याने पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी प्यायले की त्याच तेलास १४० अंशांची मर्यादा पुरेशी मानली जाते. कोकणच्या पावसाळ्यात हे पाणी त्याला कोणी पाजावे लागत नाही. डोंगरउतारावर ब्रेक तापले, तेल उकळले, वाफ झाली, आणि वाफ तर दाबली जाते. चाकापर्यंत काही पोहोचत नाही.

पाण्याची नळी त्या मानाने दयाळू. रेडिएटरचे झाकण साधारण एका वातावरणाइतका दाब धरून ठेवते म्हणून पाणी शंभर अंशांऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळते. झाकण सैल असले वा नळीची पट्टी ढिली असली तर इंजिन तापून बसते आणि मालकाचा खिसा हलका होतो, एवढेच. पेट्रोलच्या नळीस मात्र दया नाही. २०२५ मध्ये आपल्याकडील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले. जुन्या गाड्यांतील रबर ह्या मिश्रणासाठी केलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते, भेगाळते. भंगारातून उचललेल्या इंजिनाबरोबर भंगारातलीच नळी घेणाऱ्याने आठ आण्यांची काटकसर करून घरास आग लावण्याची तयारी केली, असे समजावे. पेट्रोलची नळी आणि विजेची तार एकाच पट्टीने बांधू नये, हा तर बाळबोध नियम. तो मोडलेला आम्ही काशीदच्या त्याच जीपमध्ये पाहिला.

ह्यावर कोणी म्हणेल, मग ह्या उपद्व्यापांवर सरसकट बंदीच का नसावी? बंदी आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, कारखानदाराने मूळ ठरविलेल्या तपशिलांपासून गाडी फारकत घेईल असा बदल करण्यास मालकास मज्जाव करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या मज्जावाचा कडक अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घालून दिली. उत्तरेकडे पाण्याच्या पंपाचे इंजिन लावून माणसे वाहणारी ‘जुगाड’ गाडी ही देखील ह्याच कायद्याखाली येणारे मोटार वाहन होय, हा निर्वाळा २०१३ मध्येच मिळाला आहे. आणि नवी गाडी बांधणाऱ्यास १९८९ च्या नियमांतील १२६ वा नियम सांगतो की नमुना गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडून पारखून घ्या. हा नियम हजारो गाड्या काढणाऱ्या कारखानदारास नजरेसमोर ठेवून लिहिलेला आहे. एकच गाडी बांधणाऱ्या लोहाराने त्या दारात उभे राहून काय करावे?

तेव्हा बंदी आहे, आणि बंदी असूनही काशीदला दर शनिवारी ते प्रदर्शन भरते. ह्याचा अर्थ काय? ज्या गोष्टीस मान्यतेची वाटच नाही ती गोष्ट लपून होते, आणि लपून होणाऱ्या गोष्टीत तारा पिळून बांधल्या जातात. जो तरुण जाणतो की आपली गाडी कितीही निर्दोष बांधली तरी ती बेकायदेशीरच, त्याने पोलादी नळी का आणावी? त्याच्या दृष्टीने उत्तम काम आणि भिकार काम ह्यांची किंमत कायद्याने एकच ठरवून ठेवली आहे.

येथे आम्हांस एक विसंगती दाखविल्यावाचून राहवत नाही. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जतन केलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीस २० हजार रुपये शुल्क पडते. ह्या नियमांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु पाहा: आजोबांची ऑस्टिन जपून ठेवणाऱ्या घराण्यासाठी राज्याने खास दरवाजा बांधला. ती गाडी रोज वापरू नका, धंद्यास लावू नका, एवढी अट घालून तिला रस्ता दिला. पन्नास वर्षांपूर्वीच्या ब्रेकवर चालणाऱ्या गाडीस जो रस्ता मिळू शकतो, तो काल बांधलेल्या व आज तपासता येण्यासारख्या गाडीस का मिळू नये? वारशाने मिळालेली वस्तू पूज्य आणि हाताने केलेली वस्तू संशयास्पद, हा न्याय आमच्या समाजाच्या फार जुन्या खोडीतून आलेला आहे.

ह्या खोडीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण तिची मुळे आपल्याच घरात आहेत. हे मासिक ज्या घरांत जाते त्या घरांत नळ गळू लागला की ‘नळवाला’ बोलावतात. त्याचे नाव बहुधा कोणास ठाऊक नसते. त्याच घरातला मुलगा अभियंत्याची पदवी घेतो आणि नळीला आटे कसे पाडतात हे न पाहताच परदेशी जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचे दुकान घातले तेव्हा तो पांढरपेशा मुलाने करावयाचा उद्योग समजला जात नव्हता. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती मात्र त्याच हातांतून. पुढे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी ह्यांनी १९४९ च्या सुमारास स्वतःच्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला, आणि नंतरची दोन-अडीच तपे ते तो सुधारीत राहिले. ती ‘मीरा’ गाडी कारखान्यातून कधीच बाहेर पडली नाही. देवराष्ट्रे, किर्लोस्करवाडी आणि इचलकरंजी ही तिन्ही स्थळे एकमेकांपासून फार लांब नाहीत. कृष्णाकाठच्या त्या टापूत लोखंडाशी बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आम्ही त्यांना पुरस्कार देतो, हार घालतो, बोलेरोसुद्धा देतो. प्रमाणपत्र देत नाही.

आणि तपासणी अशक्य आहे म्हणावे, तर आपल्याच देशात ती वर्षानुवर्षे चालली आहे. २००७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी ‘बाहा’ स्पर्धेसाठी स्वतः छोट्या गाड्या बांधतात. पुण्यामुंबईची महाविद्यालयेही त्यांत असतात. शर्यतीच्या आधी परीक्षक ती गाडी उलथीपालथी करून पाहतात. सांगाडा पाहतात, इंधनाची टाकी व नळी पाहतात, वीज एका झटक्यात तोडणारे बटण पाहतात, आणि धावत्या गाडीचे ब्रेक लावून दाखविल्यावाचून पुढे जाऊ देत नाहीत. विद्यार्थ्याची एकटी गाडी तपासता येते. लोहाराची येत नाही. फरक गाडीत आहे की बांधणाऱ्याच्या आडनावामागील पदवीत, ह्याचे उत्तर वाचकांनीच द्यावे. इंग्लंडात तर ही सोय सर्वांस खुली आहे. हौशी माणसाने स्वतःसाठी बांधलेली एकेक गाडी सरकारी केंद्रात नेऊन तपासून घ्यावयाची, उतरली तर नोंदवावयाची, अशी पद्धत तेथे आहे. २००९ पासून तिचे आजचे रूप चालू आहे. नळ्या व तारा ठराविक अंतरावर नीट बांधल्या आहेत की नाहीत, हेही तेथे पाहतात.

मग धुराचे काय, असा एक आक्षेप येईल. आक्षेप रास्त आहे. मान्यताप्राप्त गाडीतले, धुराच्या चाचणीस उतरणारे इंजिन असावे अशी अट घालावी. ते मोजण्याची यंत्रे तर पेट्रोलपंपापाशीच उभी असतात. दुसरा आक्षेप असा की, एकदा दार उघडले की भाडोत्री उतारूंच्या वाहतुकीसाठी वाटेल ती खटारी घुसतील. अलिबाग-मुरूडच्या रस्त्यावर मिनिडोरात कोंबलेली माणसे ज्याने पाहिली आहेत त्याला ही भीती पोकळ वाटणार नाही. म्हणून एका माणसास एकच गाडी, ती स्वतःच्या वापराची, भाड्याने उतारू नेण्यास बंदी, वेगास मर्यादा, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा तपासणी. समुद्रकाठच्या तालुक्यांत दरवर्षी. तिसरा आक्षेप, ‘त्यापेक्षा तयार गाडीच घ्यावी’, हा आक्षेप नसून श्रीमंती आहे. त्याला उत्तर देण्याचे कारण नाही.

तपासणारी माणसे कोठून आणावयाची? महाराष्ट्राइतकी ह्या बाबतीत भाग्यवान भूमी दुसरी नसेल. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन पुण्यात आहे, रस्तेवाहतुकीची केंद्रीय संस्था भोसरीस आहे, लष्कराच्या गाड्या पारखणारी संस्था अहिल्यानगरास आहे. १२६ व्या नियमाने नमुना पारखण्याचा अधिकार दिलेल्या संस्थांत ह्या तिन्ही मोडतात. त्यांनी एका गाडीपुरती, परवडेल अशी, शंभर कलमांऐवजी वीस कलमांची परीक्षा आखून द्यावी. ती घेण्यासाठी प्रत्येक वेळी पुणे गाठावयास नको.

आणि काशीदच्या आसपासच ह्या विद्येचे जाणकार बसलेले आहेत, हे आमच्या शिष्टांस कोणी तरी सांगावयास हवे. कोर्लई, रेवदंडा, मुरूड येथील कोळी बांधव आपल्या नौकांवर डिझेल इंजिने चालवितात, आणि कोकणपट्टीवर त्यांतील कित्येक इंजिने मूळची मालमोटारींची असतात. मालमोटारीचे इंजिन नौकेत बसविणे म्हणजे नळ्यांची सगळी रचना नव्याने करणे होय. रेडिएटर जातो, समुद्राचे पाणी येते. ते कोठून घ्यावे, कोठे सोडावे, कोणत्या धातूच्या नळीतून न्यावे, ह्याचा निर्णय चुकला तर किनारा दिसत असताना नौका बंद पडते. तेथे चिकटपट्टीचे सांधे चालत नाहीत. चाललेच तर एकच फेरी. ‘घाटावरचं काम’ हा शेरा मारणारा तो वायरमन ह्याच शाळेत शिकला होता. नौकांवर तारा ओढून ओढून त्याचा हात बसला आहे, असे त्याने सांगितले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने ही किनारपट्टी झोडपली, सुरूची झाडे आडवी झाली, विजेचे खांब उन्मळले, तेव्हा कित्येक दिवस गावोगावचे पंप आणि दिवे असल्याच हातांनी चालू ठेवले. त्यांच्यापैकी एकास तपासनिसाच्या शेजारी उभे करावे, आणि त्याला दिवसाचे मानधन द्यावे.

रायगड जिल्ह्याचे परिवहन कार्यालय पेण येथे आहे. तेथे महिन्यातून एक दिवस ठेवावा. गाडी खड्ड्यावर उभी करावी, खालून दिवा लावावा. तारांचा नकाशा मागावा. नसेल तर गाडी परत. फ्यूज बॅटरीपासून किती अंतरावर आहे ते टेपने मोजावे. ब्रेकवर पूर्ण दाब देऊन दहा मिनिटे ठेवावे आणि प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवावा. पेट्रोलच्या नळीवरील छाप वाचावा, छाप नसलेली नळी तेथल्या तेथे उतरवून ठेवावी. पहिल्या वर्षी आलेल्या सगळ्या गाड्या नापास झाल्या तरी चालेल. मात्र प्रत्येक मालकास नापास होण्याची कारणे मराठीत, कागदावर, सहीनिशी द्यावीत, आणि तोच कागद घेऊन पुढल्या महिन्यात पुन्हा येण्याचा त्याचा हक्क मान्य करावा.